आबांच्या वहीतले पंतप्रधान

वखरवाला

राम राम मंडळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो होतो. गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. जुन्या घराचं धाबं उतरवायचं म्हणून सामान काढत होतो, तर कोठीत आजोबांची, म्हणजे आबांची, लाल कापडी पुठ्ठ्याची वही सापडली. कापूस, सोसायटीचं कर्ज, सालदाराची उचल, असा सगळा हिशोब. मागची काही पानं मात्र वेगळीच आहेत. दिल्लीत पंतप्रधान बदलला की आबा त्या तारखेला एक ओळ लिहीत. थोड्या उतरवून देतो, शुद्धलेखन माझं आहे.

27 मे 1964. पंडितजी गेले. घरात चूल नाही.
9 जून 1964. शास्त्री. गरिबाचं पोर. धान्याचं बघेल.
24 जानेवारी 1966. इंदिरा. बाईमाणूस, निभेल का. वीज येईल म्हणतात.
24 मार्च 1977. मोरारजी. आता रात्री झोप लागेल.
28 जुलै 1979. चरणसिंग. शेतकरी बसला. कापसाला भाव.
14 जानेवारी 1980. बाई परत. साखर?
2 डिसेंबर 1989. व्ही. पी. सोसायटीचं काही करतील.
21 जून 1991. नरसिंहराव. मराठी येतं म्हणे. बघू.
19 मार्च 1998. वाजपेयी. रस्ता.
22 मे 2004. मनमोहनसिंग. शिकेल माणूस. कमी बोलतो, बरं आहे.
26 मे 2014. मोदी.

शेवटच्या ओळीत फक्त नाव, पुढे कोरं. आबा 2016 ला गेले.

आता प्रश्न. तुमच्या घरात अशा वेळी काय बोललं जायचं? दिल्लीत माणूस बदलल्यावर कोणी नेमकी कशाची आशा केली होती, आणि ती तुमच्या बांधापर्यंत आली का? कोणता पक्ष चांगला हा धागा नाही, त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहत आहेत.

भरीतपुरी

पहिली मी! शेव-मुरमुरे घेऊन बसले आहे. आबांची 'साखर?' ही ओळ कुठल्याही अग्रलेखाला भारी आहे.

स्पर्धापरीक्षा_पीडित

एक तांत्रिक मुद्दा. 27 मे 1964 ते 9 जून 1964 गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान होते, आणि 11 ते 24 जानेवारी 1966 पुन्हा तेच. आबांच्या वहीत ते नाहीत. शिवाय 1984 चा राजीव गांधींचा शपथविधी दिसत नाही.

वखरवाला

@स्पर्धापरीक्षा_पीडित, 84 ची ओळ आहे, मीच उतरवली नाही. '31 ऑक्टोबर 1984. बाईला मारलं. पोराला बसवलं. घाबरलेला दिसतो.' त्यात आशा काहीच नाही म्हणून सोडली. चंद्रशेखर यांच्यापुढे नुसतं 'दाढी' लिहिलंय. नंदांना आबांनी हिशोबात धरलं नाही, बदली सालदार पण धरत नसत.

निवृत्त_गुरुजी

वाचून बरं वाटलं. मी एरंडोल तालुक्यातला, आता वय 79. शास्त्रीजींच्या वेळी शिकत होतो. सोमवारी रात्री एक वेळ जेवू नका असं त्यांनी सांगितलं होतं. आमच्या घरी आधीच महादेवाचा सोमवार होता, त्यामुळे वडील म्हणाले, सरकारनं महादेवाला मान दिला. आई म्हणाली, आपल्या घरात सोमवार आठवड्यातून तीनदा येतो, ते दिल्लीला कोण सांगेल. ताश्कंदची बातमी आली त्या सकाळी गावात कुणी मोट जुंपली नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

पण मला 1977 बद्दल लिहायचं आहे. 'आता रात्री झोप लागेल' ही ओळ तरुणांना कळणार नाही. 1976 मध्ये, आणीबाणीत, मी प्राथमिक शाळेत नोकरीला नवीन होतो. आम्हा शिक्षकांवर नसबंदीच्या 'केसेस' आणायचं काम होतं. वरून आकडा यायचा, आकडा भरला नाही तर पगार अडेल अशी तंबी. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. मी शाळेत शिरलो की बापे मागच्या दारानं शेतात पळत. ज्या पोराला मी बाराखडी शिकवली त्याचा बाप मला बघून तुरीत लपून बसला. ती लाज मी अजून विसरलो नाही.

निकाल लागला त्या रात्री पारावर रेडिओ होता. इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या हे ऐकून टाळ्या वाजल्या, आणि मग सगळे एकदम गप्प झाले. एक म्हातारा म्हणाला, "हे आपन करं का?" मला वाटतं खरा बदल तिथे होता. मोरारजींनी काय केलं, काय नाही, ते नंतरचं. मतपेटीत चिठ्ठी टाकून दिल्लीचा माणूस हलतो हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. 1947 पासून एकच पक्ष होता ना.

कळण्याची_भाकर

गुरुजी, अंगावर काटा आला.

पांझराकाठ

गुरुजींबद्दल आदर आहे, पण मी या आशावाद्यांच्या पंगतीत बसणार नाही. आमच्याकडे एक म्हण सांगतात, 'राजा बदलना, खळं तेच शे.' पाडळसे धरण घ्या. तापीवर, अमळनेर तालुक्यात. धागाकर्त्याच्या घरापासून फार लांब नसेल. मी चौथीत असताना सर म्हणायचे धरण होतंय. आता माझं पोर चौथीत आहे. मधे दिल्लीत किती आले नि गेले! मुंबईत तर मोजतच नाही.

मनमाड-इंदूर रेल्वे घ्या. आमच्या धुळ्यात प्रत्येक निवडणुकीत ही रेल्वे धावते, फक्त भाषणात. पंतप्रधान 16 फेब्रुवारी 2019 ला धुळ्यात आले, पुलवामाला दोन दिवस झाले होते, लोक सुन्न होते. सुलवाडे-जामफळ उपसा योजना आणि धुळे-नरडाणा रेल्वे, दोन्हींचा मुहूर्त झाला. अख्ख्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली 2 सप्टेंबर 2024 ला. 309 किलोमीटर, 18,036 कोटी. आनंद आहे. पण आजोबा म्हणायचे मी बसेन, वडील म्हणायचे मी बसेन, मी आता नुसतं म्हणतो, मुहूर्ताचे नारळ जपून ठेवा, डब्यात प्रसाद वाटायला होतील.

भुसावळ_जंक्शन

@पांझराकाठ, रेल्वेला नावं ठेवू नका, आम्ही रेल्वेच्या पगारावर वाढलो. तुमच्याकडे गाडी आली नाही तर आमच्याकडे या, रात्री झोपूच देत नाही.

84 ची ओळ वहीत आहे हे वाचून लिहावंसं वाटलं. मी सहावीत होतो. वडील लोकोशेडला. दुपारीच कुणीतरी बीबीसीवर ऐकून आलं, आकाशवाणी संध्याकाळपर्यंत काही सांगेना, नुसतं उदास संगीत. आमच्या चाळीत एक सरदारजी ड्रायव्हर काका राहायचे. तीन रात्री ते, काकू आणि दोन पोरं आमच्या घरात झोपली. बाहेर आमचे वडील आणि शेजारचे दोघे खाट टाकून. काही झालं नाही, देवाची कृपा, पण उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांतले लोक जे सांगत होते ते आई आम्हाला ऐकू देत नव्हती. डिसेंबरात लोकांनी राजीव गांधींना 400 च्या वर जागा दिल्या. आमच्या घरानं पण दिलं. सरदारजी काकांनी कुणाला दिलं हे आम्ही कधी विचारलं नाही. नंतर त्यांनी बदली मागून घेतली.

म्हणजे सत्ताबदलाला प्रत्येक वेळी आशाच असते असं नाही.

भरीतपुरी

...

स्पर्धापरीक्षा_पीडित

वातावरण थोडं हलकं करतो. 1996 ते 98 मध्ये माझे काका स्पर्धा परीक्षेचे क्लास घ्यायचे. 16 मे 1996 वाजपेयी, 1 जून देवेगौडा, 21 एप्रिल 1997 गुजराल, 19 मार्च 1998 परत वाजपेयी. काका सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पंतप्रधानाच्या नावावर कागद चिकटवत गेले. शेवटी ते पान पुठ्ठ्यासारखं झालं. मुलं विचारायची, सर पंतप्रधान कोण? काका म्हणायचे, कोणत्या महिन्याचे? मग 17 एप्रिल 1999 ला एका मतानं सरकार पडलं, 269 विरुद्ध 270, तेव्हा काकांनी क्लासच बंद केला आणि कृषी केंद्र टाकलं.

आबांच्या वहीत या चार बदलांचं काय?

वखरवाला

एकाच पानावर चार ओळी आहेत. देवेगौडांपुढे 'शेतकरी आहे. डुलकी घेतो म्हणतात. आपणही घेतो.' गुजरालांपुढे काही नाही, बाजूला सरकीच्या पोत्यांची बेरीज.

सातपुडा

मी अक्कलकुव्याकडचा. इथे सगळे सपाटीवरचे दिसतात, म्हणून आमचंही टाकतो.

आमच्याकडे इंदिरा गांधी म्हणजे घरातली बाई. त्या 1977 ला हरल्या, तरी नंदुरबारमध्ये त्यांचाच पक्ष निवडून आला. माणिकराव गावित नऊ वेळा खासदार होते. पंजा सोडून दुसरं चिन्ह आमच्या आजीला माहीतच नव्हतं. 2014 ला हीना गावितांनी ते मोडलं. 2024 ला गोवाल पाडवींनी परत फिरवलं. दोन्ही वेळा डोंगरात ढोल वाजले, वाजवणारे बरेचसे तेच.

आता आशेचं. सरदार सरोवराची पायाभरणी नेहरूंनी 1961 ला केली. लोकार्पण 17 सप्टेंबर 2017 ला मोदींनी केलं. मधली माणसं मोजली तर नेहरूंपासून मोदींपर्यंत 14 होतात, तुमचे हंगामी नंदा सोडून. या चौदांच्या काळात अक्कलकुवा-अक्राणीची 33 गावं पाण्यात गेली. प्रत्येक नवा आला की आमची माणसं अर्ज घेऊन निघायची. वडिलांच्या पेटीत त्या अर्जांच्या पोच आहेत. वखरवाला, तुमच्या आबांची वही तशी आमची ही पेटी.

हेही लिहितो नाहीतर नुसती रड वाटेल. 2006 चा वनहक्क कायदा आला. आजोबांना फॉरेस्टवाले ज्या जमिनीवरून हाकलायचे, तिचा दावा वडिलांनी लावला आणि पट्टा मिळाला, कसत होतो त्यापेक्षा कमी, पण कागद मिळाला. आता हा कागद कोणत्या पंतप्रधानाचा? सही कुणाच्या काळातली ते सांगता येतं. पण त्यासाठी नंदुरबारच्या उन्हात पायी चालणाऱ्या आमच्या बायका कुणाच्या खात्यात धरायच्या?

पांझराकाठ

@सातपुडा, दादा, तुमच्यापुढे माझी रेल्वे काहीच नाही. माघार.

सातपुडा

माघार नको, रेल्वे पण पाहिजेच. आणि हो, देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या जिल्ह्यात मिळालं, टेंभली, शहादा तालुका, 29 सप्टेंबर 2010. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी दोघं आले होते. दिल्ली आमच्याकडे येते. आली की फोटो काढते.

केळीबाग

रावेर. केळी. नफा-तोटा विचारू नये.

आबांनी 'सोसायटीचं काही करतील' लिहिलं ते बरोबर झालं बघा. व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं 1990 ला 10,000 पर्यंतचं कर्ज माफ केलं. आमच्या वडिलांनी मात्र त्या आधीच्या वर्षीच घरातली पाटली मोडून सोसायटी भरली होती. आई मरेपर्यंत ते ऐकवत होती. "जो बुडवस तेले माफी, जो भरस तेले टोपी." 2008 ला परत माफी, तेव्हा मी नेमाने थकवलं होतं, तर अट निघाली दोन हेक्टरची. पाच एकरांच्या आत पूर्ण माफी, वर असेल तर बाकीचं भरा मग 25 टक्के सूट. आमच्या बागायतीत पाच एकर म्हणजे बरा शेतकरी, पण तिकडे पारोळ्याला माझ्या मेहुण्याचं सात एकर कोरडवाहू, नुसता कापूस नि दगड, तो झाला 'मोठा शेतकरी'! लग्नात आम्ही त्याला अजून जमीनदार म्हणतो.

वखरपट्टी_आणि_ट्रॅक्टर

मुद्दा साधा आहे. 2014 ला मी पहिल्यांदा मत दिलं. मी मनापासून दिलं, लपवत नाही. उत्पादन खर्च अधिक 50 टक्के नफा, हे मी स्वतः सभेत ऐकलं होतं. आबांनी शेवटची ओळ कोरी सोडली याचा अर्थ सरळ आहे. म्हाताऱ्याला पूर्ण विश्वास होता, वेगळं लिहायची गरज वाटली नाही.

तापीचं_पाणी

@वखरपट्टी, उलटंही असू शकतं. पन्नास वर्षं आशा लिहून लिहून म्हातारा दमला. 2014 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 4,050 होता, 2025-26 ला 8,110 झाला. कागदावर दुप्पट. आता बियाणं, खत, मजुरी तेव्हा काय होती ते सांग. शिवाय 2025 च्या ऑगस्टात 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. ऐन वेचणीच्या तोंडावर. पंतप्रधान बदलला नव्हता, तरी माझं खळं बदललं.

वखरपट्टी_आणि_ट्रॅक्टर

आणि वर्षाला 6,000 खात्यात येतात ते? 2019 पासून थेट. मधे तलाठी नाही, दलाल नाही. माझी आई त्या पैशाला स्वतःचे पैसे म्हणते, कारण सात-बारा तिच्या नावावर आहे. हे आधी कुणी केलं होतं?

तापीचं_पाणी

आईचं पटलं. बाकीचं नाही.

वखरवाला

दोघांना विनंती, आबांच्या कोऱ्या जागेत आपापली मतं भरू नका. ती जागा त्यांची आहे.

संपादक

विनंतीला दुजोरा. धुळवड धुळ्यात खेळा, इथे नको. धागा छान चालला आहे, वाचनमात्र करायला लावू नका.

पांझराकाठ

धुळ्याचा अपमान सहन केला जाणार नाही. शेवभाजी पाठवणार नाही.

कळण्याची_भाकर

सगळे बापे शेत, कर्ज, रेल्वे बोलत आहेत. मी आईचं सांगते. 1966 ला ती नवीन लग्न होऊन सासरी आली होती, पाचोऱ्याकडे. बाई पंतप्रधान झाली हे तिला आमच्या आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं सांगितलं, ते असं, "दिल्लीमा बाई बठनी. आते तू पन माजशी." दोघी हसल्या. आई म्हणायची, सासूबरोबर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. तिची आशा काय होती? पाणी. आडाचं पाणी अर्ध्या कोसावरून. बाईला बाईचं कळेल असं वाटलं होतं. नळ आला माझ्या लग्नाच्या वर्षी, 1988 ला.

2007 ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा मात्र आई रडली. ताई नाडगावच्या, बोदवडजवळच्या. जळगावच्या आमदार होत्या. आईनं त्यांना एकदा हळदीकुंकवाला जवळून पाहिलं होतं म्हणे, डोक्यावर पदर तसाच. राष्ट्रपती काही निर्णय घेत नाहीत हे मी तिला समजावत होते. ती म्हणाली, तू गप्प बस, मी निर्णय बघत नाहीये, पदर बघते आहे.

अजून एक. 2024 ला आखाजी 10 मे ला होती आणि जळगाव-रावेर-नंदुरबारचं मतदान 13 मे ला. वर्षातून एकदा माहेरी झोक्यावर बसायचं, आणि मतदान सासरच्या यादीत! माझ्या दोन्ही नणंदा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत. आमरस राहिला. कुणालाही हे सुचलं नाही, एकाही पक्षाला.

भरीतपुरी

ताई, हे खरं राष्ट्रीय नुकसान.

पांझराकाठ

आमचं धुळं 20 मे ला होतं. आमच्या लेकी आमरस खाऊन गेल्या. धुळे 1, जळगाव 0.

सुरतकर_खान्देशी

मी उधन्याला, 1994 पासून. अर्धं खान्देश इथेच आहे, लिंबायत-डिंडोलीत अहिराणी येत असेल तर गुजराती नाही आली तरी चालतं. आमच्यासाठी बदल म्हणजे लूमवरचा ऑर्डर. 2016 ची नोटबंदी, 2017 चा जीएसटी, त्या काळात कितीतरी जण पोतं बांधून गावी परत गेले होते. पंतप्रधान इथलेच, म्हणून लोक तक्रारही हळू आवाजात करायचे. आता केंद्रात जलशक्ती मंत्री सी. आर. पाटील आहेत, निवडून येतात नवसारीतून, मूळचे जळगाव जिल्ह्यातले. त्यामुळे गावाकडून फोन येतो, "तुमनाकडला माणूस शे ना, तापीनं पाणी सांगा." अरे बाबा, मी बॉबिन भरतो.

केळीबाग

हसू नका, ती आमची खरी आशा आहे. तापी महापुनर्भरण. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार 10 मे 2025 ला झाला. आमच्या यावल-रावेरमध्ये बोअर खोल खोल चाललेत. माझ्या आजोबांची विहीर होती, वाकून पाणी दिसायचं. पाणी मुरवलं तर केळी राहील, नाहीतर पोरं सुरतला बॉबिन भरायला.

आणि फैजपूरचं कुणी काढलं नाही म्हणून काढतो. 1936 चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. आमची पणजी यावलहून डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन पायी गेली होती. नेहरू बैलांच्या रथातून आले एवढंच तिला आठवायचं, बैलांचं वर्णन ती नेहरूंपेक्षा जास्त करायची. त्या अधिवेशनात ठराव झाला होता, सारा कमी करा, कर्जाचा बोजा उतरवा. 1936!

निवृत्त_गुरुजी

केळीबाग, छान आठवण काढलीत. आमच्या लहानपणी लोक वर्षं 'फैजपूरच्या आधी' आणि 'फैजपूरनंतर' अशी मोजत.

वखरवाला, तुम्हाला एक विचारू? तुम्ही फक्त मागची पानं वाचलीत. आबांनी आशा मागे लिहिली, पण निकाल कुठेच लिहिला नाही असं तुम्ही धरून चालला आहात. शेतकरी माणूस निकाल हिशोबात लिहितो. त्या त्या वर्षांची पुढची पानं उघडून बघा.

वखरवाला

गुरुजी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थांबा.

स्पर्धापरीक्षा_पीडित

थांबलो. उत्कंठा. परीक्षेच्या निकालाला एवढी नसते.

वखरवाला

दोन दिवस लागले, माफी असावी. वही घेऊन बसलो, मधे बायकोनंही हातभार लावला.

'वीज येईल म्हणतात' 1966. पुढे बघत गेलो. 1973, कार्तिक महिना, 'मोटार पाच हॉर्सपॉवर, वायर, स्टार्टर.' म्हणजे सात वर्षं. त्याच पानावर 'बैल एक विकला, तांबडा.' मोटेचा बैल असणार.

'धान्याचं बघेल' 1964. 1966 च्या पानावर 'मिलो, रेशन'. बस एवढंच. आबा मिलोबद्दल, म्हणजे रेशनवरच्या त्या अमेरिकी लाल ज्वारीबद्दल, नेहमी तोंड वाकडं करायचे, ते आता कळलं.

'साखर?' हे बायकोनं शोधलं. 1978-79 च्या पानांवर साखर घरखर्चात पोत्यानं आहे. जनता सरकारनं साखर नियंत्रणमुक्त केली होती, भाव कोसळले होते, हे सासरे सांगतात. आत्याचं लग्न त्या साखरेत झालं. मग महाग झाली, म्हणून 1980 ला प्रश्नचिन्ह.

'कापसाला भाव' 1979. त्या हंगामाच्या पानावर पट्टीची बेरीज आहे आणि खाली एकच शब्द, 'नाही'.

'सोसायटीचं काही करतील' 1989. 1990 च्या पानावर 'सोसायटी बाकी' आणि पुढे निरंक. त्या निरंकाखाली दोन रेघा मारल्यात. अख्ख्या वहीत दोन रेघा दुसरीकडे कुठेच नाहीत. केळीबाग, तुमच्या आईची माफी मागून सांगतो.

'रस्ता' 1998. रस्ता पंतप्रधान ग्रामसडकेतून झाला, पण हिशोबात तो असणार कसा? मग 2003 ला सापडला: 'बैलगाडी विकली.' आधी वाटलं अडचण होती. वडिलांना विचारलं तर म्हणाले, नाही रे, डांबर झालं, टेम्पो दारात यायला लागला, कापूस घरून जायला लागला.

निवृत्त_गुरुजी

तांबडा बैल आणि बैलगाडी. दोन्ही वेळा आशा पुरी झाली की घरातलं काहीतरी विकलं गेलं. वाचून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

सातपुडा

वडिलांची पेटी उद्या उघडतो. पोचांच्या मागे पण काही लिहिलंय, मी कधी वाचलं नव्हतं.

वखरपट्टी_आणि_ट्रॅक्टर

सगळं ठीक, पण 2014? कोऱ्या जागेचं काय?

तापीचं_पाणी

पहिल्यांदाच तुझ्याशी सहमत. सांगा.

वखरवाला

आजी आहे अजून, गावी असते, ऐकू कमी येतं. काल फोनवर ओरडून विचारलं. आधी म्हणाली, कोणती वही? मग म्हणाली, ती व्हय. त्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर शपथविधी चालू होता, आबा चष्मा लावून वही घेऊन बसले, नाव लिहिलं, आणि वावधन, म्हणजे वादळ, उठलं. लाईट गेली. ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी.

मग नंतर का नाही लिहिलं, विचारलं. म्हणाली, "मंग ईसरी गयात. केळीना घड झोडायी गयथात ना तुन्हा मामाना, तठे गयथात."

भरीतपुरी

1966: वीज येईल म्हणतात. 2014: लाईट गेली. मी मेले.

तापीचं_पाणी

बघा, मी म्हणत होतो.

वखरपट्टी_आणि_ट्रॅक्टर

काय म्हणत होतास? वावधनाला कोणतं सरकार जबाबदार?

केळीबाग

त्या वावधनात आमचे पण आडवे झाले होते. वखरवाला, मामा कुठले?

वखरवाला

निंभोऱ्याचे.

केळीबाग

मग ओळखीचे निघतील. व्यनि (खासगी निरोप) करतो.